वरलीच्या चिठ्ठीवर नाव नसायचं, अ‍ॅपमध्ये आधार असतं

मंडळी, आज जरा लांब लिहितोय. पण ज्यांच्या घरात सोयाबीनचे पैसे येतात, एखादं पोरगं भरतीच्या जाहिरातीची वाट बघतंय आणि त्याच्या मोबाईलवर रात्री उशिरापर्यंत क्रिकेट चालू असतं, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी घातली. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. आपल्याकडे सातबाऱ्यावरच्या फेरफाराला याच्यापेक्षा जास्त दिवस लागतात, पण ते असो. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत आणि ५० लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. ड्रीम इलेव्हनसारख्या मोठ्या कंपन्यांनी लगेच पैशाचे खेळ बंद केले, टीम इंडियाच्या जर्सीवरून नावही गेलं. सरकारचाच तेव्हाचा अंदाज होता की देशातले ४५ कोटी लोक या खेळांत वर्षाला २० हजार कोटी घालवतात.

बंदीला माझा विरोध नाही. आपल्या भागात या नादात जमिनी गहाण पडलेल्या कोणी पाहिल्या नाहीत? पण तेव्हा सगळी चर्चा पैशाची झाली. किती गेले, कोणाचे गेले, सरकारचा जीएसटी किती बुडाला. एक प्रश्न मात्र राहूनच गेला. तो म्हणजे आपल्या कागदांचं काय झालं?

जरा आठवा. रमीचं किंवा फँटसी टीमचं अ‍ॅप घेतल्यावर जिंकलेले पैसे काढायचे तर काय काय द्यावं लागायचं? पॅन, आधार, बँक पासबुक किंवा यूपीआय, चेहऱ्याचा सेल्फी. मोबाईल नंबर आणि लोकेशन तर आधीच घेतलेलं. शिवाय तुम्ही रात्री किती वाजता खेळता, हरल्यावर पुन्हा पैसे टाकता का, एकावेळी किती टाकता, हे सगळं त्यांच्या सर्व्हरवर. तुमच्या बायकोला माहीत नसलेली गोष्ट त्या कंपनीला माहीत होती.

जुन्या लोकांना वरली मटका आठवत असेल. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावरून सुरू झालेला हा धंदा, नंतर आकड्यांवर आला आणि मुंबईतून आपल्या विदर्भातल्या पानटपऱ्यांपर्यंत पोहोचला. मटक्याने घरं बसवली, त्याचं कौतुक करायचं कारण नाही. पण त्या चिठ्ठीवर फक्त आकडा आणि रक्कम असायची. चिठ्ठी फाडली की विषय संपला. पोलिसांची धाड पडली तरी त्या चिठ्ठीवरून कोणी तुमच्या नावाने कर्ज काढू शकत नव्हतं. जुगार तोच, पण आजच्या जुगारात हरलेल्या माणसाचे पैसे तर जातातच, वर त्याची ओळखही समोरच्याकडे राहते.

आता म्हणाल, ही भीती उगाच घालताय. तर जुगाराच्या धंद्यात सायबर हल्ला झाला की काय होतं, ते अमेरिकेतल्या उदाहरणावरून बघा.

सप्टेंबर २०२३. लास वेगासच्या दोन अतिबलाढ्य कसिनो कंपन्या, एमजीएम आणि सीझर्स. दोघींवर थोड्याच दिवसांच्या अंतराने हल्ला झाला. हल्लेखोरांनी फार मोठं तांत्रिक डोकं चालवलं असं नाही. कर्मचाऱ्याचं सोंग घेऊन आयटी मदतीच्या लोकांना गंडवलं आणि आत शिरण्याची किल्ली मिळवली. म्हणजे आपल्याकडे "काका, बँकेतून बोलतोय, ओटीपी सांगा" हा जो प्रकार आहे, त्याचाच मोठा भाऊ. सीझर्सने सुमारे दीड कोटी डॉलर खंडणी भरल्याच्या बातम्या आल्या. एमजीएमने खंडणी द्यायला नकार दिला, तर स्लॉट मशीन बंद, हॉटेलच्या खोल्यांच्या डिजिटल चाव्या बंद, जवळजवळ दहा दिवस गोंधळ आणि सुमारे १० कोटी डॉलरचा फटका. दोन्हीकडून ग्राहकांची माहिती गेली, सीझर्सच्या बाबतीत तर ड्रायव्हिंग लायसन्सचे नंबरही.

पण पुढचं महत्त्वाचं. ही गोष्ट जगाला कळली, कारण कळवणं भाग होतं. कंपन्या शेअर बाजारात आहेत, तिथल्या नियामकाला सांगावंच लागतं. शिवाय नेवाडा राज्याच्या जुगार आयोगाने १ जानेवारी २०२३ पासूनच नियम केला होता की परवानाधारकाने आपल्या सायबर धोक्याची तपासणी करायची आणि हल्ला झाल्याचं कळल्यावर ७२ तासांच्या आत आयोगाला कळवायचं. ब्रिटनमध्ये ऑनलाइन जुगाराच्या परवानाधारकाला दरवर्षी बाहेरच्या तज्ज्ञाकडून सुरक्षेचं ऑडिट करून घ्यावं लागतं. नियम असूनही चोरी झाली, हे खरं. पण चोरी झाल्यावर जाब द्यायला दारात कोणीतरी उभं होतं.

नियम आणि ऑडिट म्हणजे सगळं काही, असंही नाही बरं का. अमेरिकेतच अनेक राज्यांची मिळून एक लॉटरी संघटना आहे. एडी टिप्टन हा माणूस तिथे माहिती सुरक्षेचा संचालक होता. याच गड्याने नंबर काढणाऱ्या संगणकात स्वतःचा कोड घातला आणि काही ठराविक दिवशी कोणते नंबर येतील ते आधीच ओळखायला लागला. २०१० च्या डिसेंबरात काढलेल्या एका तिकिटावरून तो अडकला आणि २०१७ मध्ये त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. कुंपणानेच शेत खाल्लं. तरी सापडला, कारण तिकीट होतं, दुकानाचा कॅमेरा होता, चौकशी करणारी यंत्रणा होती.

आता आपल्याकडे या.

गोव्यात मांडवी नदीत कसिनोच्या बोटी आहेत. आपल्या भागातली मंडळी ट्रिप काढून जातात, फोटो टाकत नाहीत एवढंच. तिथला मूळ जुगार कायदा १९७६ चा, म्हणजे आपल्याकडे मोबाईल यायच्या आधीचा. आपल्या महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कसिनोचा कायदा केला होता, तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. तर गोव्यात निदान पत्ता आहे. जेटी आहे, काउंटर आहे, कंपनी आहे, काही कंपन्या शेअर बाजारात आहेत. उद्या काही झालं तर नोटीस कुठे पाठवायची ते ठरलेलं आहे.

दुसऱ्या नंबरवर आपल्या देशी अ‍ॅप कंपन्या, ज्यांचे पैशाचे खेळ बंद झाले. कागदावर बघाल तर आपला नियम नेवाडापेक्षाही कडक आहे. भारतात काम करणाऱ्या कंपनीने सायबर हल्ल्याची खबर ६ तासांच्या आत सर्ट-इन या सरकारी संस्थेला द्यायची, हा आदेश एप्रिल २०२२ चा आहे. ७२ नाही, ६ तास! आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात नीट सुरक्षा न ठेवणाऱ्याला २५० कोटींपर्यंत दंड आहे. पण कायदा ऑगस्ट २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिने. मधल्या काळात पैशाचे खेळ बंद पडले. आता कोट्यवधी लोकांच्या आधार-पॅनच्या प्रती घेऊन बसलेल्या कंपन्यांपैकी कोणी दुसरा धंदा सुरू करतंय, कोणी माणसं कमी करतंय. साधा हिशेब आहे. धंदा बसला की पहिली कात्री लागते ती सुरक्षेच्या खर्चाला. बंद पडलेल्या जिनिंगला वॉचमन कोण ठेवतो?

बंदीचा कायदा करताना सरकारने या कंपन्यांना एक साधी अट घालायला पाहिजे होती असं माझं ठाम मत आहे. किती लोकांची कोणती कागदपत्रं तुमच्याकडे आहेत, कायद्याने ठेवावी लागणारी कोणती, बाकीची कधी नष्ट करणार, आणि याचा दाखला बाहेरच्या ऑडिटरचा. एवढंच. ज्याने खातं बंद केलं त्याला तसा मेसेज यावा. तीन दिवसांत कायदा करता येतो तर एवढं परिपत्रक काढायला काय हरकत होती? आपल्या खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत विचारावा.

आणि तिसरे. खरी भीती यांचीच आहे. बंदी आल्यावर खेळणारा माणूस घरी बसला नाही, तो व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवरच्या "आयडी"कडे गेला. "भाऊ, आयडी देतो, मिनिटात पैसे जमा, मिनिटात विड्रॉल." याला ना परवाना, ना पत्ता, ना ऑडिट. सर्व्हर कुठल्या देशात आहे ते आयडी देणाऱ्या पोट्ट्यालाही माहीत नसतं. यांच्यासाठी ६ तास काय आणि ७२ तास काय. चोरी झाल्याचं कळवणार कोण, जिथे मालकच चोर?

महादेव अ‍ॅपचं प्रकरण आठवत असेल. छत्तीसगडच्या भिलाईतले लोक दुबईत बसून चालवत होते. ईडीने सांगितलं की ओळखीच्या माणसांना "पॅनल" वाटून दिली जायची, नफ्यात ७०-३० वाटा, आणि पैसा फिरवायला बेनामी बँक खात्यांचं जाळं. ५ नोव्हेंबर २०२३ ला सरकारने महादेवसह २२ अ‍ॅप आणि वेबसाइट बंद केल्या. त्याआधी त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्या विदर्भातलंच प्रकरण निघालं होतं. नागपूरचा व्यापारी, गोंदियाचा बुकी. तक्रार अशी की व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक आली, खात्यात आधीच ८ लाख दिसत होते, सुरुवातीला जिंकवलं आणि मग तब्बल ५८ कोटी गेले. गोंदियाच्या घरावर छापा पडला तर कोट्यवधींची रोकड आणि किलोने सोनं. बुकी तोवर दुबईला. शिकलासवरलेला, बाजार कळणारा माणूस जर असा फसतो, तर बारावी झालेल्या आपल्या पोरांची काय कथा?

या तिसऱ्या प्रकाराला आपला तालुका दोन गोष्टी पुरवतो. खेळणारे आणि खाती.

खेळणाऱ्यांबद्दल सगळे बोलतात. मी खात्यांबद्दल बोलतो, कारण यात असे लोक सापडतात ज्यांनी आयुष्यात एक रुपया लावलेला नाही. कोणीतरी ओळखीचा येतो. "तुझं खातं रिकामंच पडलंय, पासबुक, एटीएम आणि सिम दे, महिन्याला एवढे देतो." गरज असते, देतो बिचारा. त्या खात्यातून जुगाराचे, फसवणुकीचे पैसे फिरतात. मग केरळात नाहीतर गुजरातेत कोणीतरी १९३० वर तक्रार करतं, पैशाचा माग काढत पोलीस त्या खात्यापर्यंत येतात आणि खातं गोठतं. आयडी विकणारा दुबईत, पॅनल चालवणारा नागपूर-रायपूरला, आणि नोटीस येते लोणारच्या पत्त्यावर.

आणि गोठतं ते नुसतं खातं नाही. आधारला जोडलेलं तेच खातं असेल तर पीएम किसानचे २ हजार, पीक विमा, अतिवृष्टीची मदत, लाडक्या बहिणीचे दीड हजार, पोराची शिष्यवृत्ती, सगळं तिथेच अडकतं. मग बँक म्हणते सायबर सेलला जा, सायबर सेल म्हणतं ज्या राज्यात तक्रार झाली तिथून ना-हरकत आणा. सोयाबीन सोंगायच्या दिवसांत कोण केरळात जाणार?

माझं आपल्या पोलिसांना सांगणं आहे की सट्ट्यावरची कारवाई म्हणून चौकात आकडे लिहिणाऱ्या म्हाताऱ्याला धरून फोटो काढणं आता पुरे. त्याच्याकडे चिठ्ठी आणि पेन असतं. गावात खाती आणि सिम गोळा करणारा कोण, हे शोधा. आणि बँकेच्या मॅनेजर साहेबांनो, ज्या खात्यात वर्षभर फक्त अनुदान येतं, त्यात अचानक दिवसाला पन्नास-साठ यूपीआय येत-जात असतील तर तुमच्या संगणकाला ते दिसत नाही का? शेतकऱ्याच्या पीक कर्जाच्या हप्त्याला एक दिवस उशीर झालेला बरोबर दिसतो.

ज्यांनी आधी अ‍ॅप वापरलंय त्यांनी आजच्या आज एवढं करा. अ‍ॅप नुसतं डिलीट करू नका, आत जाऊन खातं बंद करा, माहिती काढून टाका असं लेखी ईमेल करा आणि ती मेल जपून ठेवा. यूपीआयमध्ये ऑटो-पे चालू आहे का बघा. संचार साथीवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं. वर्षातून एकदा क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो, आपल्या नावावर न घेतलेलं कर्ज आहे का ते त्यात कळतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली "पीएम किसान" नाहीतर "चलान" नावाची एपीके फाइल उघडू नका, सट्ट्याच्या अ‍ॅपची एपीके तर अजिबात नाही, ती प्ले स्टोअरवर नसते यातच सगळं आलं. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन. खेळत होतो म्हणून पोलीस मलाच धरतील, या भीतीने लोक गप्प बसतात. केंद्राच्या या कायद्याने खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, हे वर लिहिलंय, पुन्हा वाचा. खातं भाड्याने देणाऱ्याला मात्र ही सवलत नाही.

कोणी आपलं खातं दिलं असेल तर आधी बँकेत जाऊन लेखी अर्ज देऊन बंद करा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. अर्ज कसा लिहायचा माहीत नसेल तर इनबॉक्सला या, मी लिहून देतो. नाव कुठेही येणार नाही. आणि तालुक्यातल्या ज्या कोणाचं खातं असं गोठलंय, त्यांनी कोणती बँक, कधीपासून आणि कोणतं अनुदान अडकलंय एवढं कळवा. यादी झाली की आपण सगळे मिळून तहसीलदार आणि ठाणेदार साहेबांकडे निवेदन घेऊन जाऊ.