हिरव्या पानांची तांबडी साक्ष

भाताची पात पिवळी पडली की शेतकऱ्याच्या काळजात चर्र होते. परंतु पात पिवळी पडणे ही दुखण्याची सुरुवात नव्हे. ते बरेच पुढे गेल्याची ती खूण असते. पान हिरवेगार दिसत असतानाच त्याचे अन्न तयार करण्याचे काम मंदावलेले असू शकते. डोळ्यांना न दिसणारी ही गोष्ट जाणण्याचे साधन आज विज्ञानाच्या हाती आहे. त्याकडे वाचकांचे, आणि त्याहून अधिक राज्यकर्त्यांचे लक्ष आम्ही वेधू इच्छितो.

पानाने शोषलेल्या सूर्यप्रकाशाला तीन वाटा असतात. काही प्रकाश अन्ननिर्मितीच्या कामी येतो, काही उष्णतेच्या रूपाने निघून जातो आणि शेकडा एक-दोन भाग तांबड्या व त्यापलीकडील प्रकाशाच्या रूपाने पान परत टाकते. हीच हरितद्रव्याची प्रतिदीप्ती. पानांच्या अर्कातील ही तांबडी झाक डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८३४ साली नमूद केली. हान्स काउट्स्की यांनी १९३१ साली तिचा प्रकाशसंश्लेषणाशी संबंध दाखवून दिला.

भर उन्हात एवढी अंधूक झाक ओळखावी कशी? हवेतील प्राणवायू सूर्यप्रकाशातील ७६० नॅनोमीटरच्या आसपासचा भाग शोषून घेतो, त्यामुळे वर्णपटात तेथे काळी पट्टी उमटते. त्या काळोखात पानाचा स्वतःचा उजेड वेगळा काढता येतो. मनोऱ्यावरील वर्णपटमापक आळीपाळीने आकाशाकडे व झाडांकडे पाहून तो मोजतो. अमेरिकेतील हार्वर्ड फॉरेस्ट या अरण्यात २०१३ साली केलेल्या अशा मोजणीत प्रतिदीप्ती व प्रकाशसंश्लेषण दिवसभर आणि ऋतुमानाप्रमाणे बरोबरीने चढत-उतरत असल्याचे दिसून आले.

उपग्रह असताना मनोरे कशाला, असे कोणी विचारील. जपानच्या गोसॅट उपग्रहाच्या आधारे २०११ साली प्रतिदीप्तीचे जागतिक नकाशे तयार झाले, हे खरे. परंतु युरोपीय अवकाश संस्थेने खास याच कामासाठी २०१५ साली निवडलेल्या फ्लेक्स मोहिमेचाही एकेक ठिपका ३०० मीटर लांबरुंद आहे. गोव्यात तेवढ्या जागेत खाजनाचे भात, बांध, माडांची रांग आणि चार घरे सहज मावतात. शिवाय आमचे मुख्य पीक उभे असते ते ऐन पावसाळ्यात, ढगांच्या आड. मनोऱ्यावरील यंत्र मात्र ढगांच्या खालीच असते.

प्रतिदीप्ती म्हणजे ज्योतिषाचे भाकीत नव्हे. पानांची दाटी आणि सूर्याची उंची यांनीही आकडा बदलतो; एका दिवसाच्या मोजणीवरून निदान करणे धाडसाचे ठरेल. म्हणूनच एकाच जागी वर्षानुवर्षे मोजणी हवी. समशीतोष्ण अरण्यातील हिशेब खाऱ्या खाजनाला जसाच्या तसा लागू पडेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आणि गोवा विद्यापीठ यांनी मिळून एक मनोरा खाजनात व दुसरा काजूच्या बागेत उभारावा आणि सरकारने त्यासाठी पैसा द्यावा, अशी आमची सूचना आहे. बांध फुटून खारे पाणी शेतात शिरल्यावर पंचनामे करणे हा आमच्याकडे रिवाजच होऊन बसला आहे. पिकाची तक्रार ते सुकण्यापूर्वी ऐकण्याची सोय झाली, तर पंचनाम्याची वेळ निदान काही शेतांवर तरी येणार नाही.