थोरवीचें माप

आमच्या मुलांस लढायांच्या सनावळ्या मुखोद्गत असतात. शरण आलेल्यांचें पुढें काय झालें, हें विचारतांच तीं गप्प होतात. आमच्या मतें जेत्याची थोरवी तेथेंच ठरते. नादिरशहानें १७३९ सालीं दिल्लींत कत्तल करविली. मराठींत त्याच्या नांवाचा 'नादिरशाही' हा जुलूमवाचक शब्द तेवढा उरला. उलट कुंभिवलीकरांस परिचित अशी खालापूर तालुक्यांतील उंबरखिंड पाहा. १६६१ च्या फेब्रुवारींत शिवाजीमहाराजांनीं कारतलबखानाची मोगल फौज येथें रानांत कोंडली. ती कापून काढणें हातचें होतें. परंतु खान शरण येतांच खंडणी घेऊन त्यांनीं वाट मोकळी केली. यांत मुत्सद्देगिरीही होती, असें कोणी म्हणेल. असेना! वांचलेल्या शिपायांच्या घरीं तिची किंमत कळली असेल. १६६४ ची सुरतेची लूटही आम्ही याच मापानें तपासूं, झांकणार नाहीं.