पडद्यामागची धमक

चित्रपट पाहून घरीं आलेल्या मुलास "काय पाहिलेंस?" म्हणून विचारावें, तर तो कथा दोन वाक्यांत आटोपतो आणि नटांच्या गोष्टी मात्र तासभर सांगतो. अमक्यानें दाढी किती महिने वाढविली, तमका घोड्यावरून कसा पडला, कोणता प्रसंग कितीदां चित्रित करावा लागला, हें सारें त्यास मुखोद्गत असतें. "एवढें पाठांतर व्याकरणाचें केलें असतें तर!" असें आम्ही शिक्षक व पालक हळहळून म्हणतों. मीहि पुष्कळ वर्षें असेंच म्हणत आलों. परंतु पडद्यामागील सर्वच गोष्टी फोल असतात, असें मला आतां वाटत नाहीं. निदान एका चित्रपटाच्या बाबतींत तरी त्या मुख्य कथेइतक्याच बोधप्रद आहेत, असें माझें मत झालें आहे. तें विद्यार्थी व पालक यांजपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु.

अमेरिकेंत 'वेस्टर्न' या नांवाचा चित्रपटांचा एक जुना वर्ग आहे. त्या देशाचा पश्चिमेकडील मुलूख वसत होता, पण कायद्याचा हात दूरवर पोहोंचत नव्हता, अशा काळांतील घोडेस्वार, दरोडेखोर व त्यांचा पाठलाग करणारे अंमलदार यांच्या या कथा. 'ट्रू ग्रिट' ही त्यांतलीच एक. या नांवाचा अर्थ आपल्या बोलींत 'खरी धमक' असा होईल. चार्ल्स पोर्टिस या लेखकाची ही कादंबरी १९६८ सालीं प्रसिद्ध झाली. आर्कान्सा राज्यांतील मॅटी रॉस या चौदा वर्षांच्या मुलीच्या बापास त्याच्याच पदरचा गडी टॉम चेनी फोर्ट स्मिथ गांवीं ठार करतो आणि शेजारच्या इंडियन टेरिटरींत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमा राज्याच्या मुलखांत, पळून जातो. मुलगी रडत बसत नाहीं. रूस्टर कॉगबर्न नांवाच्या एकाक्ष, मद्यपी, पण कोणास न भिणाऱ्या सरकारी मार्शलास ती पैसे देऊन कामास लावते आणि स्वतःहि घोड्यावर बसून निघते. टेक्सासचा लाबीफ नांवाचा एक रेंजर शिपाईहि त्यांस येऊन मिळतो.

पुस्तक निघाल्यावर वर्षभरांतच, १९६९ सालीं, हेन्री हॅथवे या दिग्दर्शकानें त्यावर चित्रपट काढला. कॉगबर्नची भूमिका जॉन वेननें केली आणि त्याच्या दीर्घ कारकीर्दींतलें एकमेव ऑस्कर पारितोषिक त्यास याच भूमिकेनें मिळवून दिलें. पुढें चाळीस वर्षें कॉगबर्न म्हटला कीं लोकांच्या डोळ्यांपुढें वेनच उभा राहावा, असें होऊन बसलें. अशी कृति पुन्हां हातीं घेणें म्हणजे धाडसच. तें जोएल व ईथन कोएन या बंधूंनीं २०१० सालीं केलें.

पडद्यामागची पहिली गोष्ट येथेंच सुरू होते. कॉगबर्नच्या भूमिकेसाठीं जेफ ब्रिजेस या नटास विचारण्यांत आलें, तेव्हां त्यानें साहजिकच शंका काढली कीं, तोच चित्रपट पुन्हां कशासाठीं? बंधूंचें उत्तर असें कीं, आम्ही जुन्या चित्रपटाची आवृत्ति काढीत नसून पुस्तकाकडे परत जात आहों. ब्रिजेसनें मग वेनची चालढाल गिरविण्याऐवजीं कादंबरी वाचून आपला कॉगबर्न घडविला. वेनच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती. ब्रिजेसच्या उजव्या डोळ्यावर आहे. गोष्ट लहानशी, पण नक्कल करावयाची नाहीं हें सांगण्यास पुरेशी.

विद्यार्थ्यांनो, आमच्या वर्गांत हा प्रसंग रोज घडतो. पहिल्या क्रमांकाच्या मुलाची वही हातोहात फिरते आणि तींतील उत्तर चाळीस वह्यांत उतरतें. त्यांतील एखादी चूक असली तर तीहि इमानानें उतरते. तें उत्तर चांगलें असतें, यांत संशय नाहीं. पण नकलणाऱ्यास धडा कळलेला नसतो, गाजलेलें उत्तर तेवढें कळलेलें असतें. कोएन बंधूंनीं गाजलेली वही बाजूस सारली आणि धडा पुन्हां वाचला. त्यांचें पहिलें मोठेपण मला यांत दिसतें.

दुसरी गोष्ट मुलीची. जुन्या चित्रपटांत मॅटी झालेली किम डार्बी ही चित्रणाच्या वेळीं एकवीस वर्षांची होती. नव्या चित्रपटासाठीं सुमारें १५,००० मुलींतून निवड झाली, असें सांगतात. आणि निवडली गेली ती हेली स्टाइनफेल्ड ही अवघी तेरा वर्षांची मुलगी. पुष्कळ मुली मागें पडल्या त्या भाषेमुळें. पोर्टिसच्या पात्रांची इंग्रजी जुन्या वळणाची आणि ठाशीव. शब्द आखडून बोलण्याची आजची संवय तींत चालत नाहीं. शास्त्रपाठ ऐकत वाढलेल्या माणसाच्या तोंडीं शोभावी, अशी ती वाणी आहे. या मुलीच्या मुखांत ती सहज बसली. मराठीच्या तासाला मोठ्यानें वाचावयास सांगितल्यावर जीं मुलें बांकाखालीं पेन्सिल शोधूं लागतात, त्यांनीं ही गोष्ट ध्यानीं ठेवावी.

त्याच चित्रणस्थळची आणखी एक हकीकत आहे. तेथें एक दंडाची बरणी ठेवलेली असे. तोंडून अपशब्द निघाला कीं मोठमोठ्या नटांनीं तींत पैसे टाकावयाचे. जगप्रसिद्ध पुरुषांनीं तेरा वर्षांच्या मुलीच्या देखत आपली जीभ आवरावी, याचें मला फार कौतुक वाटलें. किती घरांतून अशी बरणी ठेवण्याजोगी आहे, याचा विचार पालकांनींच करावा.

मूळाशीं इमान म्हणजे अक्षराची गुलामगिरी नव्हे, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. फोर्ट स्मिथ येथें तिघांस फाशीं देण्याचा प्रसंग कथेंत आहे. त्या गांवीं १८७५ पासून १८९६ पर्यंत न्यायाधीश असलेल्या आयझॅक पार्कर यांनीं १६० जणांस मृत्युदंड फर्माविला व त्यांपैकीं ७९ जण प्रत्यक्ष फांसावर गेले, हा इतिहास आहे. कादंबरींत तिघांपैकीं जो अमेरिकेचा मूळ रहिवासी, त्यास चार शब्द बोलूं दिले आहेत. नव्या चित्रपटांत दोघां गोऱ्यांचें बोलणें संपतें, तिसरा तोंड उघडतो, तोंच त्याच्या डोक्यावर टोपडें ओढलें जातें. पुस्तकापासून येथें ते दूर गेले, पण ज्या लोकांचें म्हणणें त्या काळीं कोणी ऐकून घेतलें नाहीं, त्यांच्याविषयींचें सत्य त्यांनीं एका क्षणांत सांगितलें.

आतां शेवटाविषयीं. खरा वाद तेथेंच आहे. जुन्या चित्रपटांत मॅटीचा हात वांचतो. ती झोळींत बांधलेल्या हातानें कॉगबर्नचा निरोप घेते आणि तो वृद्ध वीर कुंपणावरून घोडा उडवीत निघून जातो. प्रेक्षक समाधानानें घरीं जातात. नव्या चित्रपटांत कादंबरीचाच शेवट राखला आहे. मॅटी चेनीवर गोळी झाडते, आणि त्याच बंदुकीच्या धक्क्यानें ती मागें खड्ड्यांत पडते. तेथें तिला सर्प डसतो. कॉगबर्न रात्रभर घोडा पिटाळतो, घोडा कोसळल्यावर तिला उचलून धांवतो. जीव वांचतो, हात जातो. पंचवीस वर्षांनीं ती त्यास भेटावयास येते, तों तो थोड्याच दिवसांपूर्वीं वारलेला असतो. त्याचें प्रेत नेऊन ती आपल्या कुटुंबाच्या जागेंत पुरते.

मुलांस असला शेवट दाखवूं नये, असें एका पालकांनीं मला कळकळीनें सांगितलें. त्यांची मुलगी चित्रपट पाहून रात्रीं झोंपली नाहीं. तिनें शाळेंत मला विचारलें, "गुरुजी, न्याय तर मॅटीच्या बाजूचा होता, मग तिचाच हात कां गेला?" मला चटकन् उत्तर सुचलें नाहीं. पण तो प्रश्न जुन्या चित्रपटानें कोणाहि मुलीच्या मनांत उत्पन्न केला नसता, एवढें मात्र मला त्याच क्षणीं कळलें. गोड शेवट मुलांस झोंपवितो. खरा शेवट त्यांस विचारूं लावतो. कृपा मोफत मिळते, परंतु केल्या कृत्याचें मोल मोजावें लागतें, हा विचार मॅटी आरंभींच बोलून दाखविते. सूडाच्या गोळीनें चेनी मेला. तिच्याच धक्क्यानें मॅटी खड्ड्यांत गेली. हें मुलांपासून लपवून आपण त्यांचें रक्षण करीत नाहीं, असें माझें प्रांजल मत आहे. मात्र त्या रात्रीं मुलाजवळ बसून बोलणें हें पालकांचें काम. तें चित्रपटानें करावें अशी अपेक्षा ठेवूं नये.

या कठोर कथेस कोमलता आणली ती संगीतानें. कार्टर बर्वेल या संगीतकारानें जुनीं ख्रिस्ती गीतें घेऊन रचना केली. तींत मुख्य आहे १८८७ सालचें 'लीनिंग ऑन दि एव्हरलास्टिंग आर्म्स', म्हणजे देवाच्या सनातन बाहूंवर विसावण्याचें गीत. एक बाहु गमावलेल्या स्त्रीच्या कथेंत हेंच गीत घुमत राहावें, यांतील मर्म सूज्ञांस सांगावयास नको. पण चाली जुन्या, म्हणून हें संगीत ऑस्करच्या मूळ संगीताच्या स्पर्धेंतून वगळण्यांत आलें. पुढें चित्रपटास दहा नामनिर्देशनें मिळालीं आणि पारितोषिक एकहि मिळालें नाहीं. तरी जगभर त्यास सुमारें २५ कोटि डॉलर उत्पन्न झालें. बक्षीससमारंभास रिकाम्या हातीं परतणाऱ्या मुलांनीं यावरून काय घ्यावें तें घ्यावें.

शेवटीं एक गोष्ट तुमच्याकडेच सोंपवितों. नव्या चित्रपटाच्या आरंभीं नीतिसूत्रांच्या २८ व्या अध्यायांतील पहिलें वचन पडद्यावर येतें, पण अर्धेंच येतें. दुर्जनाच्या पळण्याचा तेवढा भाग दिसतो. उरलेला अर्धा प्रेक्षकानें स्वतः आठवावयाचा. तो मी येथें लिहून देत नाहीं. शेजाऱ्याच्या वहींतून तो घेऊं नका. मूळ पुस्तक घरीं आहे, तें उघडा आणि वाचा.