राम घ्यायचा की क्रिबेन्सिस?

दोस्तांनो,

मागच्या आठवड्यात नंदनवनहून एक पत्र आलं. पाठवणारा सातवीत आहे. तो लिहितो, 'सर, मी गुल्लक फोडली. मामांनी वरचे पैसे टाकून दोन फुटांची काचेची पेटी आणून दिली. तिच्यात मी खरी झाडं लावणार आहे. दुकानात निळी-पिवळी राम नावाची मासोळी पाहिली. दुकानदार म्हणाले, हा ड्वार्फ सिक्लिड आहे, छोट्या पेटीत राहतो. जोडी घेऊ का? लवकर सांगा, रविवारी मामा येणार आहेत.'

अरे बाबा, तो रविवार तर गेलासुद्धा! मामांचा स्कूटर पंक्चर झाला असेल, अशी आशा करतो. कारण घाईघाईने राम आणणारे पहिले शहाणे आम्हीच. ती फजिती आधी ऐका.

आमच्या चौथीच्या वर्गात खिडकीजवळ अशीच पेटी ठेवली होती. जून महिना, शाळा नुकतीच उघडलेली, पोरं नुसती उड्या मारत होती. सोमवारी रेती धुतली, पाणी भरलं, चार झाडं खोचली. बुधवारी मी रामाची जोडी घेऊन आलो. काय रंग होते! अंगावर निळे ठिपके, डोळ्यांतून खाली उतरणारी काळी रेघ. मधल्या सुट्टीत डबे सोडून सगळा वर्ग पेटीभोवती. आणि आठव्या दिवशी दोन्ही रामांनी 'राम' म्हटला. शाळेमागच्या कडुलिंबाखाली मुलांनी त्यांना पुरलं. एक मुलगी मला म्हणाली, "सर, पाणी तर एकदम साफ होतं, मग काऊन मेले?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज येतं. पाणी साफ होतं म्हणूनच मेले.

हे कसं ते पाहा. मासा खातो, शेण टाकतो, कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. अमोनिया म्हणजे विष, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. नदीत, तळ्यात हे विष संपवणारे सूक्ष्म जीवाणू रेतीवर, दगडांवर, पानांवर बसलेले असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते. तेही विषच. दुसरी जात नायट्राइटचं नायट्रेट करते. ते बरंच निरुपद्रवी असतं आणि झाडांना खत म्हणून चालतं. आमच्या नव्याकोऱ्या पेटीत हे जीवाणू नव्हतेच! ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात आणि आम्ही दिले होते दोन दिवस. त्यात शाळेचं पाणी बोअरचं. अशा पाण्यात अमोनिया जास्त जहाल होतो, गरम पाण्यात तर आणखीच. म्हणजे चूक रामाची नव्हती, दुकानदाराचीही नव्हती. मासा निवडताना मी त्याचा रंग पाहिला, आपलं पाणी पाहिलंच नाही.

आता सिक्लिड म्हणजे कोण ते थोडक्यात. हे माशांचं एक मोठं घराणं आहे. बाजारात तिलापिया मिळतो ना, तोही याच घराण्यातला. आफ्रिकेतून निघालेला हा मासा 1952 साली भारतात आणला गेला. आपल्या देशाचे स्वतःचे सिक्लिड मात्र तीनच. त्यातला एक गोव्याच्या खाड्यांमधला कालुंदर. केरळात त्यालाच करिमीन म्हणतात, आणि 2010 साली तो त्या राज्याचा राज्यमासा झाला. गंमत म्हणजे त्याचे सगळ्यात जवळचे भाऊबंद सापडतात ते थेट मादागास्कर बेटावर. पण कालुंदर वीतभर आणि त्याहूनही मोठा होतो, आपल्या पेटीत तो मावायचा नाही. आपल्याला हवेत बुटके सिक्लिड, जे मोठे झाल्यावरही दहा सेंटिमीटरच्या आत राहतात.

इथे दुकानात फसायला होतं. ऑस्करचं पिल्लू दोन इंचांचं असतं, गोड दिसतं, आणि वर्षभरात फूटभर होतं. म्हणून दुकानात गेलात की पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. "काका, हा मोठा झाल्यावर केवढा होतो?" हे विचारा.

बुटक्यांमध्ये आपल्याकडे मुख्यतः तिघं दिसतात.

पहिला हा राम. रामटेकच्या रामाशी याचा काही संबंध नाही बरं का! व्हेनेझुएलात मासे गोळा करणाऱ्या मॅन्युएल रामिरेज यांच्या नावावरून 1948 साली त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं, आणि दुकानांनी रामिरेजचा राम केला. व्हेनेझुएला आणि कोलंबियाच्या उष्ण गवताळ मैदानांत तो राहतो. त्याला 27 ते 30 अंशांचं कोमट पाणी लागतं. म्हणजे नागपूरचा उन्हाळा त्याला त्यातल्या त्यात मानवेल. पण पाणी हवं मऊ, किंचित आंबट, आणि मुरलेल्या पेटीतलं. नवी पेटी त्याला चालतच नाही. संपूर्ण निळा 'इलेक्ट्रिक ब्लू' राम तर त्याहून नाजूक. याचा बोलिव्हियन भाऊ रंगाने साधा आणि तब्येतीने दणकट आहे. कुठे दिसला तर त्याचा जरूर विचार करा.

दुसरा अपिस्टोग्रामा. नाव अवघड, मासा देखणा. त्याच्यातला 'ककाटू' पाठीवरचा पर उभारतो तेव्हा काकाकुवाचा तुरा आठवतो. यालाही मऊ पाणी प्रिय. याच्याबद्दल एक नवल सांगतो. पिल्लांमध्ये नर किती आणि माद्या किती, हे पाण्याच्या तापमानावरही ठरतं! रोमर आणि बाइझनहेर्ट्स या दोन जर्मन संशोधकांनी 1996 साली हे प्रसिद्ध केलं. पाणी गरम असेल तर नर जास्त होतात. आपल्या मे महिन्यात पिल्लं झाली तर वर्गात सगळी पोरंच पोरं, पोरी नाहीतच!

तिसरा क्रिबेन्सिस. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजेरिया आणि कॅमेरूनचा. कॅमेरूनमध्ये समुद्रकाठी क्रिबी नावाचं गाव आहे, त्यावरून हे नाव. खरं तर ते याच्या एका भावाचं नाव, पण दुकानांमधून ते यालाच चिकटलं. अंगावर काळी आडवी पट्टी. मादी अंडी घालायला आली की तिचं पोट पिकल्या जांभळासारखं रंगतं. या घराण्यात नरापेक्षा मादी देखणी दिसावी, हे मला फार आवडतं.

मग कोण घ्यायचा? हे दुकानात ठरत नाही, तुमच्या स्वयंपाकघरात ठरतं. आईला विचारा, आपल्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजते का? अंघोळीच्या साबणाला फेस येतो का? कूलरच्या जाळीवर पांढरा थर धरतो का? डाळ शिजत नसेल, फेस येत नसेल, थर जाड बसत असेल तर तुमचं पाणी जड. नागपुरातल्या बऱ्याच बोअरचं पाणी असंच असतं. पेंच आणि कन्हानचं नळाला येणारं पाणी बहुतेक ठिकाणी त्यापेक्षा बरं. बादलीत एक दिवस उघडं ठेवलं की त्यातला क्लोरीनही उडून जातो.

जड पाण्यात राम आणि अपिस्टोग्रामा झुरतात. क्रिबेन्सिस बराचसा जडपणा सोसतो. त्याची अडचण उलटी आहे, त्याला 24 ते 27 अंश हवेत आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. आता विचार करा. जड पाणी बारा महिने छळणार, उन्हाळा दोन-अडीच महिने. पाणी मऊ करत बसण्यापेक्षा ते थंड ठेवणं सोपं. म्हणून नंदनवनच्या दोस्ता, माझं मत क्रिबेन्सिसच्या एका जोडीला. एकाच! तुझ्या पेटीचं गणित कर. लांबी 60, रुंदी 30, उंची 30 सेंटिमीटर असेल तर 54 लिटर. खाली पाच सेंटिमीटर रेती आणि वर तीन सेंटिमीटर मोकळी जागा धरली की पाणी उरतं चाळीस लिटरच्या आत. तेवढ्यात दोन जोड्या म्हणजे रोज मारामारी. सोबतीला वरच्या थरात पळणारे पाच-सहा झेब्रा मासे चालतील. ते तर आपल्याच देशातले.

थंड ठेवायचं कसं? माठ पाणी कसं गार करतो, तसंच. पेटीचं झाकण काढून वर जाळी टाका आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. पाण्याची वाफ होते आणि जाताना ती उष्णता घेऊन जाते. दोन-तीन अंश सहज उतरतात. मात्र वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार मागेच राहतात. म्हणून कमी झालेल्या पाण्यात पुन्हा बोअरचं पाणी ओतू नका, साठवलेलं पावसाचं किंवा घरच्या आरओ यंत्राचं गाळलेलं पाणी टाका. गरम पाण्यात प्राणवायूही कमी मावतो. 20 अंशांना लिटरमागे 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना साधारण साडेसातच. म्हणून उन्हाळ्यात हवेचा पंप बंद पडू द्यायचा नाही. लाइन गेली तर पेल्याने पाणी काढून उंचावरून हळूहळू परत सोडत बसा. मी बसलोय तसा, एकदा दीड तास! डिसेंबरात पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा 50 वॅटचा हीटर लागेल. तो बसवताना घरातलं मोठं माणूस जवळ हवंच.

पेटी सजवायला महागडं काही लागत नाही. कन्हानची रेती बारीक चाळून, पाणी नितळ होईपर्यंत धुवायची. दगड टाकायचा असेल तर आधी त्यावर लिंबू पिळा. फसफसला तर तो चुन्याचा, पाणी आणखी जड करील, तो बाहेर. घर म्हणून नारळाची अर्धी करवंटी पालथी घाला आणि तिच्या काठाला मासा जाईल एवढी खाच पाडा. जावा फर्न आणि अनुबियास ही झाडं रेतीत गाडायची नाहीत, दोऱ्याने लाकडाला बांधायची. त्यांना प्रकाश कमी लागतो आणि क्रिबेन्सिसने रेती उकरली तरी ती उपटत नाहीत. मागच्या बाजूला वॉलिस्नेरियाची लांब पाती. बदामाच्या झाडाचं गळलेलं, वाळलेलं, फवारणी न झालेलं एखादं पान तळाशी टाका. पाणी चहासारखं होईल, घाबरू नका, यांच्या मुलखात नद्या तशाच असतात.

आणि मग थांबा. रोज माशांच्या खाण्याची चिमूट टाका, म्हणजे जीवाणूंना काम मिळेल. एखाद्या मित्राच्या जुन्या पेटीतला मळका स्पंज मिळाला तर तुमच्या फिल्टरजवळ ठेवा, काम लवकर होईल. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचा संच दुकानात मिळतो. दोन्ही शून्य आले की मासे आणायचे.

दुकानात पंधरा मिनिटं नुसतं बघत उभे राहा. पर मिटून कोपऱ्यात बसलेला, पोट खपाटीला गेलेला, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा टाकणारा, धापा टाकणारा मासा घेऊ नका. काकांना म्हणा, जरा खायला टाकून दाखवा. जो धावून येतो तो आपला. घरी कूलरच्या टाकीत डासांच्या अळ्या झाल्या असतील तर चहाच्या जुन्या गाळणीने गाळून त्याला द्या, पार्टीच होईल त्याची! फक्त टाकीत रॉकेल किंवा औषध टाकलेलं नसावं, आणि एका वेळी खाऊन संपतील एवढ्याच द्यायच्या.

पुढच्या खेपेला आम्हीही क्रिबेन्सिसच आणले, सहा आठवडे थांबून. पोरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस खोडले. काही महिन्यांनी एके दिवशी मादी करवंटीत शिरली ती बाहेर येईना. नर दाराशी पहारेकरी. आत छताला अंडी चिकटवलेली होती. तीन दिवसांनी अंडी फुटली, आणखी आठवड्याने मायबाप पिल्लांचा घोळका घेऊन बाहेर पडले. मागे राहिलेल्या पिल्लाला आई तोंडात धरायची आणि घोळक्यात नेऊन सोडायची. अगदी आमच्या सहलीसारखं!

पिल्लं जास्त झाली, तेव्हा एकजण म्हणाला, "सर, फुटाळ्यात सोडून देऊ ना." नाही! फुटाळा असो, अंबाझरी असो की गांधीसागर, पेटीतला परका मासा तिथे सोडायचा नाही. तिलापिया असाच मोकळ्या पाण्यात पसरला आणि आता काढू म्हटलं तरी निघत नाही. आम्ही पिल्लं दुसऱ्या शाळेला दिली, काही दुकानदारांनी घेतली.

तर नंदनवनच्या दोस्ता, मामा आले तर त्यांच्याकडून स्पंज फिल्टर आणि थर्मामीटर मागून घे. मासे सहा आठवड्यांनी. तोवर घरच्या डाळीचं काय झालं ते पत्रात कळव.

तुमचा,
सर