बंडाशी तह करावा, विषाच्या व्यापाराशी करू नये

हिंजवडी, माण, मारुंजी व पंचक्रोशीतील सर्व नागरिक बंधुभगिनींस जाहीर निवेदन

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोली येथे, राज्याच्या मुख्यमंत्र्यांसमक्ष, माओवादी पक्षाच्या केंद्रीय समितीचे सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी ६० सहकाऱ्यांसह शस्त्रे खाली ठेवली, आणि दोनच दिवसांनी शेजारच्या बस्तरात, जगदलपूर येथे, २०० हून अधिक बंडखोरांनी तोच मार्ग पत्करला. त्याच वर्षाच्या १ जानेवारीस भूपती यांच्या पत्नी तारक्का आपल्या दहा साथीदारांसह शरण आल्या होत्या. ज्या जिल्ह्याने चार दशकांहून अधिक काळ आपली माणसे दोन्ही बाजूंच्या गोळ्यांना दिली, त्याच्या इतिहासातील इतकी मोठी घटना आपल्या या उद्योगनगरीत एका सकाळच्या वार्तेहून अधिक काळ टिकली नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. कारण या तहाचे पुढे काय व्हावे हे ज्या लोकमताने ठरवावयाचे, त्याचा एक प्रबळ भाग आज हिंजवडीच्या कचेऱ्यांत बसलेला आहे.

या प्रसंगाने दोन मते पुढे आली आहेत, आणि दोन्ही तितक्याच आग्रहाने मांडली जातात. ज्यांनी पोलिसांचे रक्त सांडले त्यांना क्षमा, घर आणि नोकरी देणे हा हुतात्म्यांचा अवमान आहे, असे एक मत. आणि हिंसा थांबणे हेच श्रेष्ठ असल्यामुळे बंडखोर असो, खंडणीखोर असो वा अमली पदार्थांची टोळी असो, सर्वांशीच वाटाघाटी करून शासनाने शांतता मिळवावी, असे दुसरे. आमचे म्हणणे असे की, पहिले मत बंडाचे मूळ पाहत नाही आणि दुसरे व्यापाराचे स्वरूप पाहत नाही. ज्याची काही फिर्याद आहे त्याच्याशी तह होऊ शकतो, तो झाला पाहिजे, आणि झाल्यावर अक्षरशः पाळला गेला पाहिजे. परंतु ज्याची फिर्यादच नाही, केवळ नफा आहे, त्याच्याशी केलेला करार म्हणजे राज्याने स्वतःच्या कायद्याची केलेली विक्री होय.

फिर्याद म्हणजे काय, हे येथील मूळ रहिवाशांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. माहिती तंत्रज्ञान उद्यानासाठी औद्योगिक विकास महामंडळाने या भागातील जमिनी संपादन केल्या, तेव्हा मोबदल्यावरून वाद झाले, हरकती दाखल झाल्या, माणच्या शेतकऱ्यांनी पुढील टप्प्याच्या संपादनास विरोधही केला. परंतु हे सारे शक्य झाले ते शेतकऱ्याच्या हाती सातबाराचा उतारा होता म्हणून, आणि प्रांताच्या कचेरीत व न्यायालयात त्या उताऱ्याला किंमत होती म्हणून. भामरागड-एटापल्लीच्या माडिया गोंडाजवळ असा कागद नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली त्याची जमीन सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेली, म्हणून त्याचा नांगर हे अतिक्रमण ठरले. ज्या बांबूवर त्याचे घर आणि टोपली उभी, तो कागद कारखान्याकडे करारान्वये गेलेला. आणि तेंदूपानांच्या पुड्याला काय मिळावे हे ठेकेदाराच्या मर्जीवर सोपविलेले. १९८० च्या सुमारास सशस्त्र दले सिरोंच्याच्या बाजूने या मुलखात शिरली, तेव्हा त्यांनी प्रथम हात घातला तो तेंदूपानांच्या मजुरीला आणि वनरक्षकाच्या जुलमाला. ज्या दाराशी सरकारने जावयास हवे होते, त्या दाराशी बंदूक आधी पोहोचली.

या बंदुकीने पुढे काय केले, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ सुरुंगाने १५ जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक यांचे प्राण घेतले. ज्यांच्या नावाने हे युद्ध चालले त्या आदिवासींपैकीही कित्येकांना खबरी ठरवून ठार करण्यात आले, आणि ज्या तेंदूपानांच्या मजुरीसाठी आरंभ झाला त्याच तेंदूपानांच्या ठेकेदारांकडून खंडणी वसूल करण्यापर्यंत या चळवळीची अधोगती झाली. या अपराधांना फिर्यादीचे पांघरूण घालण्याची आमची मुळीच इच्छा नाही. परंतु अपराध्याच्या शिक्षेने फिर्यादीचा निकाल लागत नाही. आणि ज्या फिर्यादीचा निकाल लागला नाही, ती नवा वारस शोधते.

आपल्याच मुलखाचा इतिहास या गोष्टीस साक्ष आहे. पेशवाई बुडाल्यावर खानदेशातील भिल्लांना केवळ फौजेच्या बळावर नमविण्याचे प्रयत्न जेव्हा निष्फळ ठरले, तेव्हा १८२५ साली मुंबई सरकारने मागील अपराधांची माफी, पडीक जमीन आणि तगाई देऊन त्यांना वसविण्याचे धोरण स्वीकारले, आणि जेम्स औट्रम याने धरणगावास भिल्लांचीच पलटण उभारली. त्या उपायाने बंडाळी पुष्कळ शमली. परंतु पुढे १८७८ च्या वन कायद्याने माफीने वाचलेल्या माणसाचे रान त्याच्याकडून काढून घेतले, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर अर्धे दिले गेले होते तो पुन्हा उभा राहिला. याच पुणे जिल्ह्यात, पुरंदरच्या रखवालीचे पिढीजात हक्क गमावलेल्या रामोशांचे नायक उमाजी यांना कंपनी सरकारने माफी देऊन चाकरीत घेतले. परंतु त्यांच्या लोकांचे गेलेले हक्क त्या माफीने परत आले नाहीत. उमाजी पुन्हा बंडास उभे राहिले, आणि १८३२ साली पुण्यात त्यांना फासावर चढविण्यात आले. ज्या तहाने नायकाची सोय केली आणि रयतेची केली नाही, त्या तहाचे आयुष्य किती, हे यावरून दिसते.

याउलट १९६० साली गागोद्याचे सुपुत्र विनोबा भावे चंबळच्या दऱ्यांत पायी गेले, तेव्हा त्यांनी शरण येणाऱ्यास सुटकेचे कोणतेही आश्वासन दिले नाही. खटले चालले, शिक्षा झाल्या. १९७२ च्या एप्रिलात जौरा येथे माधोसिंग, मोहरसिंग आदी दरोडेखोरांनी जयप्रकाश नारायणांपुढे बंदुका ठेवल्या, त्या वेळी फाशी होणार नाही एवढा शब्द होता; तो पाळला गेला, आणि मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात त्यांनी आपली सजा भोगली. ३० जून १९८६ रोजी मिझो नॅशनल फ्रंटशी झालेल्या कराराने वीस वर्षांचे सशस्त्र बंड संपले, मिझोरामास घटक राज्याचा दर्जा मिळाला, आणि ती शांतता आजतागायत टिकून आहे. या तिन्ही उदाहरणांत दिलेला शब्द मोजका होता, उघड होता, आणि तो मोडला गेला नाही.

आता दुसऱ्या मताकडे वळू. आणीबाणी संपल्यावर मुंबईच्या हाजी मस्तान आदी तस्करांनीही त्याच जयप्रकाशांसमोर तस्करी सोडण्याची शपथ घेतली होती. शपथ ऐकणारा तोच, त्याचे अंतःकरण तेच. परंतु चंबळमध्ये जे फळ आले ते मुंबईच्या बंदरात आले नाही. मस्तान बाजूला झाला आणि त्याच्या धंद्याची जागा त्याहून क्रूर अशा पिढीने घेतली. याचे कारण व्यक्तीच्या खोटेपणात शोधण्याचे प्रयोजन नाही. ते व्यापाराच्या रचनेतच आहे. बंडखोर शस्त्र ठेवतो तेव्हा एक बंदूक कमी होते. तस्कर धंदा सोडतो तेव्हा मालाचा भाव वाढतो, आणि वाढलेला भाव दुसऱ्यास त्या जागेवर बोलावून घेतो.

दूरच्या कोलंबिया देशात हाच अनुभव मोठ्या प्रमाणावर आला. तेथे अध्यक्ष झालेले गुस्ताव्हो पेत्रो हे स्वतः एम-१९ या बंडखोर संघटनेतून आलेले. त्या संघटनेने १९९० साली शासनाशी समेट करून शस्त्रे ठेवली, तो समेट टिकला, आणि त्यातूनच एक बंडखोर पुढे मतपेटीच्या मार्गाने राष्ट्राध्यक्ष झाला. परंतु २०२२ साली सत्तेवर येताच त्यांनी ‘संपूर्ण शांतता’ या नावाने बंडखोर सेना आणि कोकेनच्या टोळ्या या सर्वांशी एकाच वेळी बोलणी आरंभिली. आणि पुढे काय झाले? २०२३ साली त्या देशातील कोकाच्या लागवडीचे क्षेत्र २,५३,००० हेक्टरवर गेले, आणि २०२५ च्या जानेवारीत कातातुम्बो भागात दोन सशस्त्र गटांच्या झुंजीत हजारो कुटुंबे देशोधडीला लागून ईएलएन या संघटनेशी चाललेली बोलणी शासनास थांबवावी लागली. त्या शासनाच्या हेतूविषयी आम्हांस आदर आहे. परंतु एका हाताने राजकीय तह आणि दुसऱ्या हाताने धंद्याशी तडजोड करू गेल्यास दोन्ही हातचे जाते, हा धडा त्यातून घेतला पाहिजे.

यावर कोणी विचारील की, बंडखोरही खंडणी घेतो, तर ही सीमारेषा आखावयाची कोठे? कसोटी सोपी आहे. त्याची मागणी उद्या पूर्ण केली तर ज्यांच्यासाठी ती मागितली त्यांचे दैन्य हटेल काय? वनहक्काची मागणी मान्य केल्याने माडियाचे दैन्य हटते. मेफेड्रोन या अमली पदार्थाच्या कारखानदाराची मागणी मान्य केल्याने केवळ त्याची तिजोरी भरते आणि आपली मुले मरतात. जेथे एकाच माणसात बंड आणि धंदा दोन्ही असतील, तेथे बंडापुरते बोलावे. धंद्यापुरती एकही सवलत देऊ नये.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी विश्रांतवाडीच्या गोदामापासून माग काढीत दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतला कारखाना गाठला, आणि जप्त केलेल्या मेफेड्रोनची किंमत साडेतीन हजार कोटी रुपयांहून अधिक सांगण्यात आली. त्याआधी काही महिने, २०२३ च्या ऑक्टोबरात, अमली पदार्थांच्या प्रकरणातील एक कैदी ससून रुग्णालयातून पसार झाला होता. ज्या रसायनशास्त्राने औषधे बनतात त्याच शास्त्राने, परवाना असलेल्या वसाहतीत, हे विष बनत होते. तेव्हा या व्यापाराशी शासनाने जाहीर तह केला नसला, तरी डोळेझाक, दिरंगाई आणि लाच यांच्या रूपाने लहान लहान गुप्त तह रोज होत असतात, आणि त्यांची किंमत घरापासून दूर, खोल्या भाड्याने घेऊन राहणारी, रात्रपाळीने शिणलेली, हाती पैसा असलेली आपली तरुण पिढी मोजते.

परंतु व्यापाराशी कठोर असणे म्हणजे व्यसनी मुलाशी कठोर असणे नव्हे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, स्वतःहून उपचार पत्करणाऱ्या व्यसनी व्यक्तीस खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात मुक्तांगण उभे केले, त्यातून हे सिद्ध झाले आहे की ज्याला आपण गुन्हेगार म्हणून हाकलतो तो बहुधा रुग्ण असतो आणि परत येऊ शकतो. धंद्याचे गिऱ्हाईक कमी करणे हाच धंद्यावरचा खरा घाव आहे.

गडचिरोलीच्या तहाचे पुढे काय व्हावे, याचे उत्तरही त्याच जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने, देवाजी तोफा आणि सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली, एकही गोळी न झाडता, २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला आणि २०११ साली स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देण्याचा अधिकार घेतला. चाळीस वर्षांच्या बंदुकीने जे मिळविले नाही, ते ग्रामसभेच्या ठरावाने मिळविले. शरण आलेल्यास नोकरी आणि घर देणे योग्यच आहे. २००५ पासून चालू असलेल्या शासनाच्या आत्मसमर्पण योजनेने शेकडो तरुण परत आले, याचे श्रेय शासनास आणि पोलिसांस दिलेच पाहिजे. परंतु सुरजागडच्या लोहखनिजाचा निर्णय तेथील ग्रामसभांना डावलून झाला, किंवा सनदशीर मार्गाने हरकत घेणाऱ्यावर नक्षलवादी असा शिक्का मारला गेला, तर शस्त्र ठेवणाऱ्याने ज्या मार्गावर यावे असे आपण म्हणतो तो मार्गच आपण बंद केला, असे होईल. २०२५ च्या जुलैत विधिमंडळाने संमत केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकाच्या अंमलाकडे या दृष्टीने डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत :

१. शरण आलेल्यांना दिलेली सर्व आश्वासने शासनाने प्रसिद्ध करावीत, आणि त्यांच्या पूर्ततेचा अहवाल दर वर्षी विधिमंडळापुढे ठेवावा.

२. या संघर्षात मृत्यू पावलेल्या पोलिसांच्या आणि माओवाद्यांनी मारलेल्या आदिवासींच्या कुटुंबांचे पुनर्वसन शरणागतांच्या पुनर्वसनाआधी, निदान त्याबरोबर, पूर्ण करावे. गंभीर गुन्ह्यांचा न्याय न्यायालयातच व्हावा.

३. गडचिरोलीतील प्रलंबित वनहक्क दाव्यांचा निकाल ठरावीक मुदतीत लावावा, आणि १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभांना दिलेल्या अधिकारांना खाणींच्या बाबतीतही पूर्ण मान द्यावा.

४. अमली पदार्थांच्या उत्पादकांशी व वितरकांशी उघड वा गुप्त कोणतीही तडजोड होऊ नये. औद्योगिक वसाहतींतील रसायन कारखान्यांची नियमित तपासणी व्हावी. संगनमत करणाऱ्या अधिकाऱ्यास पाठीशी घातले जाऊ नये.

५. उपचारास येणाऱ्या व्यसनी तरुणाचे नाव गुप्त ठेवून त्यास कायद्याचे संरक्षण आणि परवडणारे उपचार मिळावेत.

नागरिकहो, या मागण्या कागदावर राहू नयेत यासाठी दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. ज्यांची नावे येथील मतदारयादीत आहेत त्यांनी आगामी ग्रामसभेत हा विषय मांडून ठराव करून घ्यावा. मेंढ्याच्या माणसांनी आपल्या ग्रामसभेत जे केले ते आपण आपल्या ग्रामसभेत करू शकत नाही, असे समजण्याचे कारण नाही. आणि येथील कंपन्यांत अधिकारपदांवर असलेल्यांनी, २०१३ च्या कंपनी कायद्याने सामाजिक दायित्वासाठी राखून ठेवावयाच्या दोन टक्के नफ्यातील काही अंश व्यसनमुक्तीच्या आणि गडचिरोलीतील शिक्षणाच्या कामास मिळेल, असा आग्रह आपल्या संचालकांपुढे धरावा. सरकारने दिलेला शब्द सरकार पाळते की नाही, हे पाहणारे डोळे जितके अधिक, तितका तो शब्द मोडणे कठीण. ते डोळे आपले असावेत, एवढीच विनंती.

आपला नम्र,
हिंजवडी येथील एक नागरिक