बोअरचे पाणी मागे फिरले तर?

बोईसर-पालघरच्या काळ्या कातळात बोअर मारताना रिगवाले हवेच्या दाबावर चालणारा हॅमर वापरतात. त्याच्या माथ्याशी स्प्रिंगची एक छोटी झडप असते. नवा रॉड जोडण्यासाठी हवा बंद केली की बोअरमधले पाणी आणि दगडाचा चुरा हॅमरमध्ये घुसू पाहतो. ही झडप त्याला अडवते. ती झिजली की हॅमर तुंबतो आणि काम खोळंबते.

बोअर सुरू झाल्यावर हेच काम पंपावरचा एनआरव्ही करतो. पाणी 30 मीटर खोल असेल तर पाइपातल्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 3 किलो भरतो. वीज गेली आणि झडप नसली, तर हे पाणी खाली येते आणि पंप उलटा फिरू लागतो.

तारापूर औद्योगिक वसाहतीत मात्र प्रश्न पंपापुरता नाही. बोअरच्या पाइपाचे तोंड रसायनाच्या टाकीत बुडलेले असेल, तर परतणारे पाणी रसायन घेऊन थेट भूजलात उतरू शकते. तिथे नुसत्या एनआरव्हीवर विसंबणे धोक्याचे. वाळूचा कण अडकला तरी झडप गळते. पाइपाचे तोंड टाकीच्या काठाच्या वर, मोकळेच हवे. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यात विहिरींच्या आणि रिगमालकांच्या नोंदणीची तरतूद आहे. कारखान्यातल्या बोअरची नोंद करताना ही जोडणी प्रत्यक्ष पाहिली जावी. जमिनीतून मुरणारे सांडपाणी अर्थात कुठलीच झडप अडवत नाही. त्यासाठी केसिंगभोवतीची फट सिमेंटने बुजवलेली आहे का, हेही त्याच वेळी तपासता येईल.