जोयड्याच्या खेळाडूंना हवे वसतिगृह

विद्यापीठीय क्रीडासुविधांची चर्चा आपल्याकडे बहुधा बांधकामापाशीच थांबते. ताळगावच्या पठारावर २०१४च्या लुसोफोनिया स्पर्धांसाठी उभे राहिलेले इनडोअर स्टेडियम गोवा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना हाकेच्या अंतरावर आहे. सीमेला लागून असलेल्या जोयडा तालुक्याची अडचण निराळी आहे.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील पदवी महाविद्यालये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाच्या संघात जायचे तर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा गाजवावी लागते आणि त्यासाठी रोजचा सराव हवा. जोयड्याचा बहुतांश भूभाग जंगलाचा, वाड्या विखुरलेल्या, बसफेऱ्या मोजक्या. तास संपताच गाडी गाठणाऱ्या विद्यार्थ्याला मैदान असून नसल्यासारखेच. येथे पहिली क्रीडासुविधा म्हणजे वसतिगृह.

याचा पडताळा या जिल्ह्याने पूर्वीच घेतला आहे. भारतीय क्रीडा प्राधिकरणाने १९८७ मध्ये विशेष क्षेत्र क्रीडा योजनेखाली सिद्दी समाजातील मुलामुलींना निवडून निवासी प्रशिक्षण दिले. त्यांतील काहींनी राष्ट्रीय पातळीवर पदके मिळवली. या यशाचे श्रेय आफ्रिकी वंशाला देण्याची तेव्हा हौस होती. पण वेळेवरचे जेवण, निवारा आणि प्रशिक्षक यांचा वाटा अधिक मोठा मानावा लागेल. १९९३ मध्ये योजना गुंडाळली गेली, तेव्हा वंश तोच होता, आधार तेवढा गेला.

सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. गोव्यातील गावडा, कुणबी व वेळीप समाजांनाही त्याच वर्षी. जोयड्यातील कुणबी मात्र अद्याप त्यासाठी झगडत आहेत. वसतिगृहातील राखीव जागा व शिष्यवृत्त्या या दर्जाशी बांधलेल्या असल्याने हा वाद क्रीडाक्षेत्रालाही भिडतो. सीमेच्या एका बाजूचा कुणबी विद्यार्थी सवलतीस पात्र आणि दुसऱ्या बाजूचा अपात्र, हे समर्थनीय नाही.

दुसरीकडे, सुपा धरणाखालील काळी नदीच्या पात्रात गणेशगुडीजवळ पर्यटकांसाठी राफ्टिंगचा व्यवसाय रुजला आहे. खळाळत्या पाण्यातील कनू स्लॅलम १९९२ पासून ऑलिंपिकमध्ये सातत्याने आहे. नदी ओळखणाऱ्या स्थानिक तरुणांसाठी ती पर्यटकांच्या करमणुकीपुरतीच का राहावी? धारवाडच्या विद्यापीठाने गणेशगुडीला सुट्टीतील निवासी शिबिर भरवावे. स्टेडियमच्या मानाने त्याचा खर्च किरकोळ आहे. मात्र पाण्याची पातळी धरणातील विसर्गावर अवलंबून असल्याने वीज निगमाशी वेळापत्रक आधी ठरवावे लागेल.